दोऱ्याचं दुसरं टोक

त्या दिवाळीच्या पाडव्याला माझ्या गाडीची पुढची चाकं सरळ झाली ती समोरच्या घरातल्या मावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी पाना कसा फिरवला, नट कसा सोडला असं बरंचसं माझंच येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल सगळं यानंच केलं. पाना माझ्या हातात होता हे खरं. पण दोऱ्याचं दुसरं टोक मावशींच्या बोटाला होतं.

मी जालन्याकडचा. आठवीत शाळा सुटली आणि गावातल्या एकाच्या मागेमागे सुरतेला आलो, नवागामच्या एका खात्यात. पावरलूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. लूमवर बरीच वर्षं काढली. कानात तो खडखडाट एवढा बसला की गावी गेलो की झोप येत नसे. मग गाडी शिकलो. आता एक जुनी छोटी गाडी आहे, तिच्यात साड्यांचे गठ्ठे भरून पर्वत पाटियाच्या मार्केटात पोचवतो. माझ्याकडे यायच्या आधी ती दोन मालकांनी वापरलेली. त्यातल्या एकानं ती डाव्या अंगानं कुठंतरी ठोकलेली होती, पण पत्रा ठोकून, रंग मारून विकली म्हणून मला ते दिसलंच नव्हतं. या गोष्टीचं काम पुढे पडेल.

त्या वर्षी आई माझ्याकडेच होती. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सुरतेतच झालं. दिवाळीपर्यंत ती वॉकर धरून ओट्यापर्यंत यायला लागली होती. बस नाही, रेल्वे नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. न्यायचंच तर गाडीत, मागच्या सीटवर पाय लांब करून, वाटेत थांबत थांबत.

बायको दिवाळीला माहेरी गेली होती, आणि आईला भाऊबीजेला गावी जायचं होतं. तिला एकच भाऊ. माझा मामा. लकवा मारल्यापासून तो खाटेवरच होता. त्याआधी दर भाऊबीजेला तोच यायचा, अगदी आई सुरतेला असली तरी यायचा, रात्रभर बसमध्ये बसून, पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन. आता फोनवर त्याचं बोलणं कुणालाच नीट कळत नव्हतं. आईनं फोन कानाला लावला, बराच वेळ हूं हूं केलं आणि ठेवला.

"काय म्हणला?" मी विचारलं.

"ये म्हणला. तेवढंच कळलं."

मी म्हणालो, पाय पुरता बरा होऊ दे, पुढच्या वर्षी जाऊ. ती म्हणाली, "माझ्या पायाला पुढचं वर्ष हाय. त्याला हाय का ते तू सांग."

दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी डाव्या चाकातून खटखट सुरू झाली. स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा एक दांडा असतो, टाय रॉड. त्याचं टोक झिजलं होतं. डिंडोलीतल्या मिस्त्रीनं नवं टोक घातलं. त्यालाही संध्याकाळची गाडी पकडून गावी जायचं होतं, त्यामुळे एक डोळा कामावर आणि एक घड्याळावर.

"अंदाजानं बसवलंय," तो पाना पुसत म्हणाला. "अलाइनमेंट करून घे. नाहीतर टायर खाईल. आणि घाटात जाऊ नको अशी."

आमचा रस्ता धुळ्यावरून, पुढे कन्नडचा घाट.

तिथून तसाच अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. शटर खाली, त्यावर खडूनं लिहिलेलं, लाभपाचमला उघडेल. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच. तिसऱ्याकडे शटर अर्धं वर होतं, पण आत माणूस देवाची पूजा मांडत होता. हात जोडून म्हणाला, मशीन बंद केलं भाऊ, साल मुबारक. सुरतेत दिवाळीला हे असंच असतं. लाभपाचमपर्यंत, म्हणजे पाडव्यानंतरच्या पंचमीपर्यंत, गाव बंद. खाती बंद, मार्केट बंद, नवागामच्या गल्ल्या रिकाम्या. जो तो आपापल्या जिल्ह्याला गेलेला. भाड्याची गाडी करावी तर ड्रायव्हरही गावी गेलेले. आणि भाऊबीज लाभपाचमच्या आधी येते.

येताना गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग उजवीकडे वाकडं धरावं लागत होतं. सोडलं की गाडी डावीकडे चालली. मी मुळातच काळजीचा माणूस. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. दोन दिवस मला डोळ्यांसमोर फक्त तो घाट दिसत होता, मागच्या सीटवर आई, आणि गाडी दरीकडे ओढतेय. पण नाही जायचं असंही ठरवता येईना. शेवटी मनाशी म्हटलं, मशीन बंद असलं म्हणून काय झालं, मशीन यायच्या आधीही लोक गाड्या चालवतच होते की. फोनवर शोधलं. एका व्हिडिओत एक माणूस हिंदीत सांगत होता, गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणा, पट्टीनं चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजा, दोन्ही जवळजवळ सारखं, पुढची कड केसभर आत, येईपर्यंत टाय रॉड फिरवा. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की आई म्हणाली, "त्या बाबाचा आवाज आता मला सपनात यायलाय."

पाडव्याच्या सकाळी गाडी दारासमोर आणली. एरवी आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. बाइका, खाटा, सुताच्या कोनांचे टेम्पो. त्या दिवशी गल्ली मोकळी होती, आणि आमच्या दारापुढचं सिमेंट चांगलं सपाट आहे. चारी चाकांत हवा सारखी करून घेतली. स्टिअरिंग मधोमध धरून जुन्या साडीच्या काठानं सीटला आवळून बांधलं, म्हणजे हलू नये. पुढच्या चाकांखाली साड्या पॅक करायच्या प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, एकीवर एक, मध्ये थोडं तेल. चाक जागच्या जागी वळायला त्या बऱ्या पडतात. हे माझं स्वतःचं डोकं, व्हिडिओतलं नाही.

दोरा म्हणून घरात पडलेला सुताचा कोन घेतला, चकाकणारं पॉलिस्टर. पुढे-मागे विटांचे थर रचले आणि दोरा ताणला. दोरा कशाला समांतर लावायचा? मी बिनधास्त गाडीच्या अंगाला लावला. दारांच्या खालची जी कड असते, तिच्यापासून पुढे-मागे सारखं अंतर ठेवलं. लूमवर इतकी वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? आम्ही किनार बघतो. कापड सरळ आहे की नाही ते किनार सांगते. सेठ खात्यात आला की तोही आधी किनारीवरच बोट फिरवतो.

समोरच्या ओट्यावर मावशी बसल्या होत्या. मावशी खान्देशातल्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या. त्यांची मुलं-सुना दिवाळीला गावी गेली होती, त्या एकट्याच राहिल्या होत्या, गुडघ्यामुळे म्हणायच्या. तरुणपणी त्या आणि त्यांचे मालक खात्याखात्यांत बीम पसारायचं काम करत. म्हणजे लूमवर नवं बीम, उभ्या धाग्यांचा रूळ, चढायच्या आधी त्यातला एकेक धागा वयीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून काढायचा. हजारो धागे. एक जण मागे बसून धागा देतो, दुसरा पुढून आकड्यानं ओढतो.

"काय रे ड्रायवर," त्यांनी विचारलं, "गाडीले राखी बांधी ऱ्हायना का?"

"चाकं सरळ करतोय मावशी. उद्या आईला न्यायचंय."

आमच्या ओट्यावरून आई खुर्चीतून म्हणाली, "अक्का, तुम्ही त्याला काही इचारू नका. ते डॉक्टर झालंय गाडीचं."

"डॉक्टरनं तुना पाय बराबर करा, हाऊ काय करस देखूत," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मी मोजत राहिलो. पट्टी दोऱ्याला लावायची आणि आकडा वाचायचा. एकदा एक येई, दुसऱ्यांदा दुसरा. तरी दोन्ही बाजूंचा हिशोब जुळवला, पुठ्ठ्यावर झोपून डाव्या टाय रॉडचा नट सोडला, दांडा फिरवला, नट कसला. पुन्हा मोजलं. जुळलं. गाडी काढून डिंडोलीच्या रिकाम्या रस्त्यावर नेली आणि पहिल्याच वळणाला टायर किंचाळले. गाडी पहिल्यापेक्षा जास्त ओढत होती.

परत येऊन गाडी तशीच उभी केली आणि बोनेटला टेकून राहिलो. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. फोनवर ओवाळते त्याला. दिसतंय की फोनमध्ये."

मी गाडीवर जेवढा चिडलो नव्हतो तेवढा त्या वाक्यानं हललो. चहा घेतला नाही. विटा पुन्हा रचायला घेतल्या. त्या वेळी मावशी काठी टेकत खाली उतरल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या बाजूला थांबल्या, वाकल्या, आणि दारांच्या कडेवरून तळहात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे.

"आठे हात लाव."

मी लावला. दाराच्या खालची कड मागच्या टोकाला आत गेलेली. डोळ्याला दिसत नव्हती, हाताला लागत होती. ठोकलेला पत्रा.

"तू हाई किनारवर दोरा लावा ना?" त्या म्हणाल्या. "हाई कापड नही, गाडी शे. ठोकेल शे. इनी किनार कोन धरस? मध्य धर."

"मध्य कुठला मावशी?"

"बीम पसारताना मध्य कथा ऱ्हास?"

फणीचा, मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं. बीम फणीपेक्षा नेहमी अरुंद. पसारणारे आधी फणीचा मध्य काढतात आणि दोन्ही अंगांना सारख्या फटी रिकाम्या सोडतात. किनार मागाहून आपोआप येते. गाडीला फणी नाही, पण चाकं आहेत, आणि चाकाच्या मधोमध ती गोल टोपी. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरे सारखे दूर हवेत, मागच्या दोन्हींच्या मध्यापासून सारखे दूर हवेत, आणि दोन्ही दोऱ्यांमधली रुंदी पुढे जेवढी तेवढीच मागे. मग दोरे गाडीच्या मध्याला समांतर. पत्रा ठोकलेला असो की नसो. व्हिडिओतल्या माणसानंही हे सांगितलं असेल. मी ऐकताना ते सोडून दिलं असेल, कारण किनार कशी धरायची ते मला माहीत होतं ना.

"आनि हाऊ धागा फेक," मावशी म्हणाल्या. "हाऊ रबरसारखा शे. पट्टी लावी का सरकस."

घरात जाऊन त्यांनी एक फिरकी आणली. उत्तरायणातला उरलेला पतंगाचा दोरा, काच न लावलेला. मोजायच्या बाजूच्या विटांच्या मागे त्या पाटावर बसल्या, दुखरा गुडघा लांब केला, दोरा विटेच्या खाचेतून घेऊन तर्जनीला गुंडाळला आणि ताणला. उन्हाला पाठ करून, डोळे मिटून.

"मावशी, बांधतो मी टोक. तुम्ही कशाला."

"बांधशी ते तुले काय सांगी ते? तू मोज."

मी पट्टी आडवी धरून दोऱ्याकडे नेली.

"लागनं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पट्टी अजून टेकलीच नाही. डोळा जवळ नेला. टेकली होती. एवढीशी. पट्टीच्या टोकानं दोरा ढकलला जात होता, आणि मी सकाळपासून ढकललेला दोराच मोजत होतो. पट्टी मागे घेतली.

"आते नही."

तेवढ्यावर आकडा वाचायचा. पुढच्या कडेला, मग मागच्या कडेला. "लागनं." मागे. "आते नही." वाचा. धागा देणारी आणि धागा ओढणारा, तशी आमची लय बसली. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी श्वास कधी धरतो, कधी सोडतो हेही बहुतेक त्यांना दोऱ्यातून कळत असावं.

आई ओट्यावरून म्हणाली, "अक्का, लागनं लागनं काय चाललंय? कुणाचं लग्न लागलं?"

"तुना आंडोरनं, गाडीसंगे." आंडोर म्हणजे मुलगा.

"बरं झालं. बायको माहेराहून आली की सांगते तिला."

डाव्या चाकाची पुढची कड बाहेर पडलेली होती, चांगली बोटाच्या नखाएवढी. उजवं बरंच ठीक होतं. पुठ्ठ्यावर झोपलो, नट सोडला, दांडा थोडा फिरवला. प्रत्येक वेळी गाडी पुढे-मागे ढकलून चाकं बसू दिली, दोरे पुन्हा लावले, मध्य पुन्हा तपासला. मावशी प्रत्येक वेळी उठून बाजूला होत आणि पुन्हा खाली बसत. खाली बसताना त्यांच्या तोंडातून आवाज निघे, तो त्या खोकल्यासारखा करून टाकत. मी म्हणालो, आता पुरे, उरलेलं माझं मी करतो. त्यांनी नुसतं बोट वर केलं. दोरा गुंडाळून गुंडाळून त्यावर लाल वळ उठले होते. दुसऱ्या बोटाला गुंडाळला आणि म्हणाल्या, "कर."

ऊन डोक्यावर आलं. गल्लीत कुणाकडे तरी गोडधोड शिजत होतं, त्याचा वास येत होता, आणि आमच्या दोन्ही घरांतल्या चुली थंड होत्या. आईनंच हाक मारली, पोहे तरी करून खा म्हणून. खाल्ले नाहीत. एकदा मला वाटलं जुळलं, पण मावशींनी मागितलं, "परत." परत मोजलं तर नट कसताना दांडा किंचित फिरला होता. मग नट कसताना दांड्याला दुसरा पाना लावून धरला. पुन्हा मोजलं. दोन्ही कडा जवळजवळ सारख्या, पुढची केसभर आत. व्हिडिओत सांगितलं होतं तशी.

"आते?" मावशींनी डोळे उघडले.

"आता बरोबर वाटतंय."

"वाटस का शे?"

मी पुन्हा एकदा मोजलं. "शे," मी म्हणालो.

गाडी त्याच रस्त्यावर नेली. वळणाला आवाज नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध. हळूच हात सोडले, अगदी थोडे, धरायच्या तयारीत. गाडी सरळ जात राहिली. मी तशीच सचिन गावाच्या दिशेला बरीच लांब नेली, ब्रेक मारून पाहिले, खड्ड्यातून काढली, तरी सरळच. परत येऊन थेट आईची पिशवी डिकीत ठेवली. तिला तेवढं पुरलं. तिनं ओवाळायची निरांजनं आतल्या डब्यातून काढून स्वतःच्या पदरात बांधून घेतली, पिशवीत फुटतील म्हणून, जरी ती पितळेची होती.

संध्याकाळी मी मावशींना म्हणालो, चला आमच्याबरोबर, वाटेत तुमचा जिल्हा लागतो, माहेरी सोडतो, परत येताना घेतो. त्या भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"तठे कोन शे आते," त्या म्हणाल्या. "भाऊ व्हता तवलोंग माहेर. तुनी मायले भाऊ शे. तिले ली जाय."

तेव्हा मला कळलं की गुडघ्यामुळे राहिले म्हणतात ते पूर्ण खरं नव्हतं, आणि दिवसभर पाटावर बसून त्यांनी कशासाठी बोटं लाल करून घेतली. आई ओट्याच्या कडेला वॉकर टेकून म्हणाली, "अक्का, माझ्या भावाला सांगते मी. सुरतेत त्याला आणखी एक बहीण हाय म्हणून."

मावशी म्हणाल्या, "सांग. पन त्याले सांग, ओवाळनी मोठी लागी."

पहाटे निघालो. साक्रीजवळ उजाडलं. घाटात मी इतका हळू चाललो की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून दमले. आई मागून म्हणाली, "चाक सरळ हाय ना? मग मान बी सरळ ठेव." दिवे लागायच्या आधी मामाच्या दारात पोचलो. मामाला उशीला टेकवून बसवलं. आईनं वॉकर सोडून एका हातानं खाट धरली आणि दुसऱ्या हातानं ओवाळलं. मामानं तोंड उघडलं, बरेच शब्द काढले, मला एकही कळला नाही. आई हूं हूं म्हणत होती.

लाभपाचमनंतर सुरतेला येऊन गाडी मशीनवर नेली. त्यानं थोडं फिरवलंच, मशीनचा माणूस फिरवणारच. मी विचारलं, फार चुकलं होतं का? तो म्हणाला, चाललं असतं. मला तेवढं बस झालं.

मामानं मावशींसाठी साडी पाठवली होती. मावशींनी ती घेतली, डोळ्याला लावली आणि पेटीत ठेवली, नेसल्या नाहीत. म्हणाल्या, माहेरी जाईन तवय नेसीन. मग स्वतःच हसून म्हणाल्या, म्हणजे नही नेसाव.

त्यांचं माहेर तापीच्या काठचं आहे. नवापूर ओलांडलं की उत्तरेला वळायचं, तो रस्ता मी नकाशात पाहून ठेवलाय. मागच्या सीटवर पाय लांब करता येतात, आईनं करून दाखवलंय. भाऊ नसला तरी नदी असेल, घर असेल, ओळखणारं कुणीतरी असेल. त्या नाही म्हणतात. दर दिवाळीला नाही म्हणतात. मीही दर दिवाळीला आधी चाकं तपासतो, मग विचारतो. एक दिवस मी त्यांना त्या साडीत, माझ्या गाडीत बसवून तिथे नेणार आहे. ते दुसरं टोक इतका वेळ धरल्याचं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते फेडल्याशिवाय मी ही गाडी विकणार नाही.